हवानाची चव, गोदावरीचा गाळ आणि भामरागडचं पान

क्यूबन सिगारची चव दुसऱ्या कुठल्या सिगारमध्ये सापडेल का? फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला आणि तेव्हापासून हा प्रश्न जास्तच विचारला जातो आहे. उत्तराच्या शोधात निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक, इक्वेडोर अशी भलीमोठी फिरस्ती झाली. या शोधाचा एक धागा गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाशीही जुळतो. तिथे सिगारचा कारखाना नाही. पण धूम्रपानाची चव ज्यावर ठरते, त्या मातीला आणि वरच्या पानाला हेमलकशाच्या परिसराचा हात लागलेला आहे. तो कसा, ते पाहण्याआधी थोडं क्यूबात जाऊन येऊ.

आधी बाराशे सिगार, मग सही

बंदीच्या हुकमावर सही करण्याआधी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी आपले माध्यम सचिव पिएर सॅलिंजर यांना बोलावलं आणि उद्या सकाळपर्यंत हजारभर क्यूबन सिगार जमवायला सांगितल्या. सॅलिंजर यांनी वॉशिंग्टनमधली दुकानं पालथी घातली आणि १,२०० ‘पेटिट उपमन’ आणल्या. आकडा ऐकून केनेडींनी खणातून कागद काढला आणि सही केली. हा किस्सा खुद्द सॅलिंजर यांनीच पुढे सांगितला.

बी बरोबर नेलं, माती मागे राहिली

क्यूबात १९६० मध्ये सिगारचे कारखाने सरकारजमा झाले. पिढीजात तंबाखूवाली घराणी देश सोडून गेली. बरोबर बियाणं गेलं आणि पान निवडण्याची नजरही गेली. म्हणूनच आज ‘मॉन्टेक्रिस्टो’, ‘पार्टागास’ ही नावं दोन-दोन ठिकाणी छापली जातात: एक सिगार हवानाची आणि दुसरी डॉमिनिकन रिपब्लिकची. नाव एक आणि मालक वेगळे. चवही वेगळी, कारण क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता अबाहो पट्ट्याची तांबूस रेताड माती कोणालाच उचलून नेता आली नाही. तेच बी निकाराग्वात एस्तेलीच्या ज्वालामुखीच्या काळ्या मातीत लावलं की धुराला मिरीसारखा झटका येतो. इक्वेडोरमध्ये आकाश बराच काळ ढगाळ असतं, त्यामुळे तिथलं पान पातळ आणि मऊ निघतं. क्यूबात हाच परिणाम साधायला अख्ख्या शेतावर पातळ कापडाचा मांडव घालतात.

चवीचं गणित मातीत कसं शिरतं, याचं एक साधं उदाहरण आहे. मातीत किंवा पाण्यात क्लोराइड, म्हणजे खारेपणा, जास्त असला तर तंबाखूचं पान नीट जळत नाही, सारखं विझतं. पोटॅशियम भरपूर असलं तर ते सावकाश आणि सारखं जळतं. त्यामुळे चांगल्या सिगारची जमीन शोधणारा माणूस नदीकाठी जातो, खाजणाकडे फिरकत नाही.

भामरागडचा पूर कुठे जातो

हेमलकशापासून तीनेक किलोमीटरवर भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. दर पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा जगाशी संपर्क तुटल्याची बातमी येते. पूर ओसरतो आणि बातमी संपते. पाणी मात्र पुढे निघालेलं असतं. इंद्रावती दक्षिणेला सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. त्याच तालुक्यात वर्धा आणि वैनगंगेचं पाणी घेऊन आलेली प्राणहिताही गोदावरीत शिरते. म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून वाहून गेलेली माती दोन वाटांनी गोदावरीच्या पोटात जाते. पुढे भद्राचलम, पापी कोंडलूची खिंड आणि राजमहेंद्री.

तिथे गोदावरीच्या पात्रात गाळाची बेटं आहेत. त्यांना ‘लंका’ म्हणतात. या बेटांवर आणि काठाच्या मळईवर पिकतो तो लंका तंबाखू, आणि त्याचा वळतात तो चुट्टा, आंध्र-तेलंगणाची गावठी सिगार. पूर दरवर्षी जमिनीवर नवा गाळ पसरतो, पाणी उतरलं की लावणी होते आणि शेताला ताजी माती आयती मिळते. वुएल्ता अबाहोची माती कुणाला उचलून नेता आली नाही, पण इथे नदी स्वतःच माती आणून टाकते. त्या गाळात नाशिकपासून छत्तीसगडपर्यंतचा अंश असणार, पण भामरागडचा वाटा त्यात नक्की आहे. भूगोलाच्या पुस्तकात ही गोष्ट असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पर्लकोटेकाठच्या मुलाला आपली नदी समुद्रापर्यंत काय काय करते, ते कळायला हवं.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था राजमहेंद्रीतच उभी राहिली. या पट्ट्याचं महत्त्व सरकारने तेव्हाच हेरलं होतं. त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, इंग्रज इंजिनियर सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेवरून गोदावरी आणि प्राणहितेतून बोटी वर विदर्भापर्यंत आणायचा घाट घातला गेला. त्या काळात सिरोंचा हे ‘अपर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. वाटेतले खडकाळ टप्पे आणि वाढता खर्च पाहून पुढे तो नाद सुटला.

शेरलॉक होम्सने ओळखलेली राख

भारतीय सिगार जगाला अनोळखी नव्हती. १८८७ मध्ये आलेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्याच होम्सकथेत जमिनीवरच्या राखेवरून शेरलॉक होम्स सांगतो की खुनी त्रिचनापल्लीची सिगार ओढत होता. त्रिचनापल्ली म्हणजे आजचं तिरुचिरापल्ली. तिथला आणि शेजारच्या दिंडिगुलचा चिरूट तेव्हा लंडनच्या क्लबांत नेहमीचा होता. दिंडिगुलमध्ये मद्रासच्या स्पेन्सर कंपनीचा कारखाना होता. हवानाचा माल महाग पडला की साहेब लोक मद्रासच्या मालाकडे वळत. क्यूबासारखी चव दुसरीकडे शोधायची खोड अमेरिकेच्या बंदीपेक्षा बरीच जुनी आहे.

पहिली क्यूबन सिगार विडीच्या जातीची

ही गोष्ट मला या साऱ्या मजकुरात सगळ्यात आवडते. नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसने आपली दोन माणसं, रोद्रिगो दे खेरेस आणि लुइस दे तोरेस, क्यूबाच्या आतल्या भागात पाठवली. तिथले ताइनो लोक वाळक्या पानांचा चुरा दुसऱ्या एका वाळक्या पानात गुंडाळून त्याचं एक टोक पेटवत आणि दुसऱ्या टोकाने धूर घेत. लास कासास या स्पॅनिश पाद्र्याने त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्याने उपमा दिली ती मुलं कागदाची बंदूक करतात तिची. आत तंबाखू आणि बाहेर बहुधा दुसऱ्या झाडाचं पान, हीच तर आपल्या विडीची रचना. आजच्या हवाना सिगारमध्ये भरण, बांधणी आणि वरचं आवरण हे तिन्ही थर तंबाखूचेच असतात. म्हणजे बांधणीच्या बाबतीत त्या पहिल्या क्यूबन सिगारचं नातं मॉन्टेक्रिस्टोपेक्षा सिन्नर-गोंदियाच्या विडीशी जवळचं आहे.

तंबाखू आपल्याकडे आला पोर्तुगिजांच्या जहाजांतून. सन १६०४-०५ च्या सुमाराला अकबराचा सरदार असद बेग विजापूरहून आग्ऱ्याला परतला, तेव्हा त्याने आदिलशाहीतला तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-तीन झुरके घेतले, हकिमाने नापसंती दाखवली आणि दरबारात वाद रंगला. उत्तरेच्या त्या दरबाराला तंबाखूची ओळख झाली ती अशी दक्षिणेकडून.

पान कुठलं? आधी आपटा, मग तेंदू

विडीचं आवरण सुरुवातीपासून तेंदूचंच होतं, असा बहुतेकांचा समज असतो. पण पूर्वी गुजरातेत आणि मुंबईकडे आपट्याच्या पानाची विडी चालायची. होय, दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो तोच आपटा. कुठे कुंभ्याचं पान वापरलं गेलं, कुठे पळसाचं. गोव्यात फणसाच्या पानाची निमुळती ‘धुमटी’ वळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांतात धंदा पसरला, जबलपूर आणि गोंदिया ही मोठी केंद्रं झाली आणि तेंदूने बाकीच्या पानांना मागे टाकलं. त्याला सबळ कारणं होती. तेंदूचं पान चामड्यासारखं चिवट असतं. वाळल्यावर ते ओलं केलं की पुन्हा मऊ होतं आणि वळताना फाटत नाही. लवकर कुजत नाही. आणि त्याची स्वतःची चव इतकी सौम्य असते की आतल्या तंबाखूवर कुरघोडी करत नाही.

सिगारवाले नेमके हेच गुण वरच्या पानात शोधतात. कॅमेरून, सुमात्रा, कनेटिकट ही नावं आवरणाच्या पानासाठी प्रसिद्ध झाली. सिगारच्या चवीचा मोठा वाटा वरच्या पानाचा, असं जाणकार मानतात. भामरागडचं जंगल त्याच धंद्यात आहे, फक्त त्याचं नाव कुठल्या डब्यावर छापत नाहीत.

मे महिन्याची पहाट

तेंदू, म्हणजेच टेंभुर्णी, ही आबनुसाच्या कुळातली. हिमाचलमध्ये पिकणारं जपानी फळ पर्सिमन तिचं जवळचं नातेवाईक. पान विडीजोगं हवं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं जमिनीलगत छाटावी लागतात. दीड महिन्यात मुळांतून कोवळे फुटवे येतात आणि मे उजाडेपर्यंत पान हातभर फांदीवर तयार होतं. काही जण छाटण्याऐवजी जंगलाला आग लावतात, म्हणजे फुटवा आयताच येतो. उन्हाळ्यातल्या वणव्यांमागे हेही एक कारण आहे, आणि याचा तोटा पुढच्या वर्षी तोडणाऱ्यालाच सोसावा लागतो, कारण आगीत मोहाची, चारोळीची रोपं जळून जातात.

हेमलकशाच्या भोवतीच्या माडिया आदिवासींच्या वस्त्यांत तेंदूचा हंगाम म्हणजे घरात रोख पैसा येण्याचे दिवस. पहाटे अंधारातच माणसं निघतात. पान असं हवं: ना फार कोवळं, ना जून, कीड नाही, भोक नाही, लालसर कोवळेपणा जाऊन हिरवं झालेलं. ऊन चढायच्या आत ओझं घेऊन घरी यायचं. मग दुपारभर अंगणात सगळं घर बसतं. पानं एकावर एक, देठ एकीकडे, मोजून सत्तर, आणि सालीच्या दोरीने करकचून गाठ. झाला एक पुडका. संध्याकाळी पुडके डोक्यावर घेऊन फळीवर, म्हणजे पानं जमा करण्याच्या ठिकाणी, जायचं. तिथे पुडके मोजून घेतात आणि उघड्यावर रांगांनी मांडून वाळवतात. अशा १,००० पुडक्यांचं एक प्रमाण पोतं, म्हणजे ७०,००० पानं. दोन-दोन बोटांनी खुडलेली सत्तर हजार पानं! अवकाळी पावसाची एक सर आली तर वाळत घातलेला माल काळा पडतो.

पहाटेच्या त्याच वेळी अस्वलंही जंगलात असतात, कारण पिकलेलं टेंभरू, म्हणजे तेंदूचं फळ, त्यांच्या आवडीचं. वाकून पानं तोडणारा माणूस आणि खाली पडलेली फळं वेचणारं अस्वल समोरासमोर आलं की अस्वल बिथरतं आणि तोंडावर झेप घेतं. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेल्या हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात अस्वलाने फाडलेले चेहरे शिवले गेले. सुरुवातीच्या वर्षांत तर विजेशिवाय, कंदिलाच्या उजेडात. विडीच्या झुरक्यामागे एवढा धोका पत्करलेला असतो, हे ओढणाऱ्याच्या गावीही नसतं.

पानाचा मालक कोण?

मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ च्या कायद्याने तेंदूच्या व्यापाराची सूत्रं सरकारकडे घेतली. लिलाव सरकारचा, पान ठेकेदाराचं आणि तोडणाऱ्याला मिळायची ती मजुरी. १९८० च्या दशकात पुडक्याचा दर हा गडचिरोलीतल्या राजकारणाचा आणि नक्षल चळवळीच्या प्रवेशाचाही मोठा मुद्दा झाला. चित्र पालटलं ते आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने. वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपानाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. २०१३ च्या सुमारापासून गडचिरोली-गोंदियातल्या ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. पान गावाचं, सौदा गावाचा आणि बोनसही गावाचा. सगळं गोड झालं असं नाही. एका वर्षी चढा भाव येतो, दुसऱ्या वर्षी ठेकेदार फिरकत नाहीत किंवा पैसे थकवतात. तरीही ज्या गावाला काल फक्त मजुरीचा हिशोब ठाऊक होता, ते आज निविदा काढतं आणि करारनामा वाचून सही करतं. इथला खरा बदल मला यात दिसतो.

जीएसटी आला तेव्हा तेंदूपानावर १८ टक्के कर बसला होता. २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणायचा निर्णय जीएसटी परिषदेने घेतला.

वाचून दाखवणारा माणूस

हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून एक सुंदर प्रथा आहे. कामगार सिगार वळत असतात आणि उंच चौथऱ्यावर बसलेला वाचक सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी मोठ्याने वाचतो. पूर्वी त्याचा पगार कामगार वर्गणी काढून देत. ‘मॉन्टेक्रिस्टो’ हे नाव द्यूमाच्या कादंबरीवरून आलं, ते कामगारांना अतिशय आवडायची म्हणून. केरळच्या मलबारातही विडी वळणाऱ्यांपैकी एकजण पेपर वाचायचा आणि बाकीचे त्याच्या वाटणीच्या विड्या वळून द्यायचे. एकमेकांची गंधवार्ता नसताना दोन खंडांत हे घडलं, कारण हात गुंतलेले आणि कान मोकळे असणारं हे काम आहे.

आपल्या कायद्यानेही दोघांना एकाच ओळीत बसवलं होतं. १९६६ चा कायदा ‘विडी आणि सिगार कामगार’ असा एकत्रच होता. महाराष्ट्रात या कामगारांत मोठा वाटा विडीवाल्या बायकांचा. सोलापुरात घरोघरी सुपात तंबाखू आणि कात्री घेऊन त्या बसतात. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, दोऱ्याने बांधायचं, तोंड मुडपायचं. मजुरी हजारावर. याच बायकांसाठी सोलापूरजवळ कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचा ताबा दिला गेला.

आत भरायचा तंबाखू बराचसा निपाणी पट्ट्यातला. कर्नाटकात असूनही मराठी बोलणाऱ्या या गावात १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. पुढच्याच वर्षी ‘युगांतर’ या गटाने निपाणीच्या वखारीत धुळीत राबणाऱ्या बायकांच्या संघटनेवर माहितीपट केला. तो आजही पाहण्यासारखा आहे.

पेटी मात्र देवदाराची नव्हे

सिगारची पेटी ‘सीडर’ची, म्हणजे देवदाराची, असते म्हणतात. ते लाकूड देवदाराचं नसतं. ते महोगनीच्या कुळातलं अमेरिकन झाड आहे. आपल्याकडचं तूण त्याचं सख्खं भावंड, आणि तुणाच्या लाकडाच्याही सिगारपेट्या झाल्या आहेत.

पेटतं टोक तोंडात

आंध्रच्या किनाऱ्यावर काही भागांत बायका चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरून ओढतात. गोव्यात धुमटीही अशी ओढल्याच्या नोंदी आहेत. हे वाचायला अचाट वाटतं, पण टाळूच्या कर्करोगाशी याचा थेट संबंध डॉक्टरांनी दाखवून दिला आहे. विडी ‘नैसर्गिक’ म्हणून सौम्य, हाही घातक गैरसमज आहे. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून ओढणारा जोराने आणि जास्त वेळा झुरके घेतो. त्यामुळे एवढ्याशा विडीतून टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही. सिगारचा धूर छातीत न घेतला तरी तोंडाला आणि घशाला धोका असतोच. १९६६ मध्ये ‘कोहिबा’ ही सिगार ज्यांच्यासाठी तयार झाली, त्या फिडेल कॅस्ट्रोंनी १९८५ मध्ये लोकांच्या आरोग्यासाठी सिगार कायमची सोडली.

गडचिरोलीत मात्र आजचं संकट धुराचं कमी आणि खर्ऱ्याचं जास्त आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकवर घोटून केलेला खर्रा शाळकरी मुलांपर्यंत पोचला आहे. १९९३ मध्ये लोकांच्या रेट्याने दारूबंदी आणणाऱ्या या जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि ‘सर्च’ संस्थेने दारू-तंबाखूविरोधात ‘मुक्तिपथ’ हे अभियान चालवलं आहे. गावागावांत बायका टपऱ्यांवरचा खर्रा बंद पाडतात. तेंदू विकून आलेला पैसा खर्ऱ्यात जाऊ नये, हा त्यांचा रोखठोक हिशोब आहे.

झाडाची चव घ्यायची तर

धुराशिवायही या झाडाची चव घेता येते. उन्हाळ्यात हेमलकसा, आलापल्ली, अहेरीकडे गेलात तर बाजारात टेंभरं मिळतात का ते विचारा. लिंबाएवढं पिवळं फळ, वरची साल कडक, आतला गर मऊ, चिकूच्या जातीचा गोडवा, त्यात चार-सहा चपट्या बिया. कच्चं खाल्लंत तर जीभ चिकटून तोंड वाकडं होईल, म्हणून हाताला मऊ लागणारंच घ्या. साल दातांनी फोडायची, गर चोखायचा, बिया थुंकायच्या. सावलीत पसरून ठेवलेली फळं दोन-तीन दिवस टिकतात. पिशवीत कोंबलीत तर नागपूरला पोचेपर्यंत सगळी फुटलेली असतील.